रिपोर्ट पाठवा, पण आधी उघडून बघा

सर्व्हर बिघडला की सपोर्टवाल्यांचं पहिलं मागणं ठरलेलं असतं: डायग्नॉस्टिक रिपोर्ट पाठवा. लिनक्सवर 'सॉस' नावाचं टूल कॉन्फिगरेशनच्या फायली, लॉग, चालू प्रोग्रॅमची यादी असं सगळं गोळा करून एकच फाईल बनवतं. बिघाड कुठे आहे ते आधी ठाऊक नसतं, म्हणून हाती लागेल ते उचलायचं. पासवर्ड निसटतात ते इथेच.

चालू प्रोग्रॅमच्या यादीत नुसतं नाव नसतं, तो प्रोग्रॅम सुरू करताना दिलेली अख्खी कमांड असते. कुणी बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड कमांडमध्येच लिहिला असेल आणि रिपोर्ट काढताना नेमका बॅकअप चालू असेल, तर तो पासवर्ड उघडाच्या उघडा रिपोर्टमध्ये जाऊ शकतो.

टूल लिहिणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. ओळखीच्या फायलींमधले पासवर्ड शोधून 'सॉस' त्या जागी तारे छापतं. पण ओळख असेल तरच. 2012 मध्ये उघड झालेली त्रुटी अशीच होती: इन्स्टॉलेशनच्या वेळी तयार होणाऱ्या एका फायलीतला रूट पासवर्डचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या पासवर्डचा, तपशील न पुसताच रिपोर्टमध्ये जात होता. ती दुरुस्त झाली. मात्र तुमच्या कंपनीनं घरच्या घरी लिहिलेल्या सॉफ्टवेअरची सेटिंग फाईल टूलला कुठून माहीत असणार? चार तारे दिसले म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

ब्राउझरची 'हार' फाईल तर याहून नाजूक. वेबसाइटशी झालेली देवाणघेवाण तिच्यात असते, अनेकदा कुकीसकट. लॉगिन झाल्याची खूण त्या कुकीतच असल्यामुळे ती मिळाली की पासवर्ड लागत नाही आणि बऱ्याचदा ओटीपीही विचारला जात नाही. 2023 मध्ये ओक्टा या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत घुसलेल्यांच्या हाती 134 ग्राहकांच्या फायली लागल्या. त्यातल्या टोकनच्या, म्हणजे लॉगिनच्या अशाच खुणांच्या, जोरावर पाच ग्राहकांची लॉगिन सत्रं बळकावली गेली. सपोर्टनं मागितल्या म्हणून भाबडेपणानं दिलेल्या फायली होत्या त्या!

रिपोर्ट म्हणजे बहुधा साधी कॉम्प्रेस केलेली फाईल असते. ती उघडून 'पासवर्ड', 'टोकन', 'सीक्रेट' हे शब्द इंग्रजीत शोधायला फार वेळ लागत नाही. 'हार' फाईल काढल्यावर लगेच लॉगआउट करावं, म्हणजे सहसा आतली कुकी निकामी होते. प्रोग्रॅम कोसळताना निघणारा क्रॅश डंप मात्र मेमरीचीच नक्कल. त्यात असं शोधून सगळं सापडेलच याचा भरवसा नाही. तो पाठवावाच लागला, तर त्या प्रोग्रॅमनं वापरलेले पासवर्ड बदलून टाकलेले बरे.