टायमरचा बिल्ला

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात स्टॉकचं पान दिवसभर उघडं असतं. सर्व्हर जागा आहे का, हे ते दर पाच सेकंदांनी विचारतं. परवा लाइट गेली, सर्व्हर बंद पडून परत आला, पानाच्या कोपऱ्यातला दिवा हिरवा झाला. आणि तेव्हापासून पाच सेकंदांत दोन-दोन रिक्वेस्ट! कुणीतरी ‘पुन्हा जोडा’ दाबलं होतं. जुना टायमर चालूच असताना नवा लागला आणि त्याचा नंबर जुन्याच्या जागी बसला. पान मीच लिहिलेलं, बोलणार कुणाला?

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमधली पानं जिच्यावर चालतात त्या भाषेचा, पहिला नमुना उभा केला. नेटस्केप २ या ब्राउझरमध्ये सेटटाइमआउट होतं, म्हणजे अमुक वेळाने एकदाच कर. परत परत हवं तर फंक्शनने शेवटी स्वतःचीच पुढची वेळ लावायची. सेटइंटरव्हल, म्हणजे दर अमुक वेळाने करतच राहा, आलं १९९७ मध्ये, नेटस्केप ४ सोबत. ते हातात नुसता एक आकडा देतं, देवळाबाहेर चपलांचा बिल्ला मिळतो तसा. तो क्लिअरइंटरव्हलला दिला की टायमर थांबतो. बिल्ला हरवला की पान बंद होईपर्यंत टायमर चालू. चुकीचा दिला तर एररही येत नाही, हे मला आजही खटकतं.

सर्व्हरला गुपचूप विचारायची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने आणली, आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी. २००५ मध्ये तिचं ‘एजॅक्स’ असं बारसं झालं आणि जो तो टायमर लावून विचारू लागला. पण सेटइंटरव्हल उत्तराची वाट बघत नाही. सर्व्हर मंदावला की रिक्वेस्टींची रांग लागते. शिवाय टायमर थांबला तरी निघून गेलेली रिक्वेस्ट काही परत येत नाही. ती उशिरा फसते आणि दिवा पुन्हा लाल करून जाते. १९९९ च्या त्या जुन्या पद्धतीत निदान अबॉर्ट, म्हणजे रिक्वेस्ट रद्द करणं, होतं. २०१५ मध्ये ब्राउझरांत फेच ही विचारायची नवी पद्धत आली ती रद्द करायच्या सोयीशिवायच. ती सोय, अबॉर्टकंट्रोलर, २०१७ पासून मिळू लागली.

कारखान्याच्या पानात मी शेवटी नेटस्केप २ चीच रीत धरली. उत्तर आलं किंवा दहा सेकंदांत रद्द झालं, की मगच पुढचं सेटटाइमआउट. ‘पुन्हा जोडा’ दाबलं की आधी जुनी रिक्वेस्ट आणि जुना नंबर रद्द, मग नवा.