भाजीचा स्टॉल चालला म्हणजे खाणं वाढलं?

‘सोसायटीत आठवडी भाजीबाजार भरवा, लोक आपोआप जास्त भाजी-फळं खातील,’ असा मेसेज फिरत असतो. हेतू चांगलाच आहे, पण स्टॉलच्या गल्ल्यावरून खाणं कळत नाही. मंडईतली खरेदीच इकडे वळलेली असू शकते. शिवाय हिवाळ्यात भाजी स्वस्त होते, श्रावणात अनेक घरी मांसाहार बंद असतो. तेव्हा विक्री तशीही चढते.

म्हणून बाजार सुरू होण्याआधी वीसेक घरांत आठवडाभर, कुठूनही आलेली भाजी-फळं तोला. बटाटा धरू नका. देठं, सालं, फ्रिजमध्ये काळी पडलेली कोथिंबीर वजा करा. उरलेल्याला घरातल्या माणसांच्या संख्येने आणि सात दिवसांनी भागा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच घरांत पुन्हा मोजा. बाजार नसलेल्या शेजारच्या सोसायटीतही दोन्ही वेळा मोजा. तिथेही आकडा तेवढाच वाढला असेल, तर श्रेय बाजाराचं नाही. जागतिक आरोग्य संघटना सुचवते ते माणशी रोज ४०० ग्रॅम धरले, तर चौघांना आठवड्याला ११.२ किलो लागतात.