वीर्यतपासणी

मूल होत नसलेल्या जोडप्यात पुरुषाकडचे कारण शोधण्याची पहिली आणि सर्वांत स्वस्त तपासणी. ग्वाल्हेरच्या लॅबांत तिला हिंदीत ‘वीर्य जाँच’ म्हणतात. शहराच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत ‘ह्यांचा रिपोर्ट’ एवढेच म्हटले जाते. बहुधा सूनबाईची सोनोग्राफी, हार्मोन आणि गर्भनळ्यांची तपासणी उरकल्यावर या तपासणीचा नंबर लागतो. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते, तेव्हा हा क्रम उलटाच आहे.

नमुना 2 ते 7 दिवसांच्या संयमानंतर, रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या डबीत घेतात. तेल, साबण, थुंकी चालत नाही. साधा निरोधही नको, कारण त्यावरचे वंगण शुक्राणूंना घातक असते. पहिले थेंब सांडले असतील तर लाज न बाळगता सांगावे. बहुतेक शुक्राणू त्यांतच असतात आणि उरलेल्याची मोजणी खोटी निघते. घरून आणायचा नमुना तासाभराच्या आत, 20 ते 37 अंशांत पोचला पाहिजे. इथे ग्वाल्हेरची हवा आडवी येते. जानेवारीच्या सकाळी पारा कधी 5 अंशांखाली जातो. मुरार भागातून लश्करात येईपर्यंत पिशवीत लटकवलेली डबी गार पडते आणि धडधाकट शुक्राणू सुस्त दिसतात. डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवावी. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवणे म्हणजे ती भट्टीत घालणे. लॅबमध्येच खोली असेल तर तिथेच नमुना द्यावा.

ताजे वीर्य घट्ट असते. 37 अंशांवर साधारण अर्ध्या तासात पातळ होते. मग डबीसकट वजन करून रिकाम्या डबीचे वजन वजा करतात, 1 ग्रॅम म्हणजे 1 मिली. सिरिंजने माप घेतले की थोडे आत चिकटून राहते आणि आकडा कमी येतो. 10 मायक्रोलिटरचा थेंब 22 मिमीच्या चौकोनी काचेखाली पसरून हालचाल पाहतात: पुढे वेगाने जाणारे, संथ जाणारे, जागच्या जागी वळवळणारे, निश्चल. निश्चल म्हणजे मेलेले नव्हे. हालणारे कमी असले की इओसिनचा रंग लावतात. मेलेल्यांची डोकी गुलाबी होतात, जिवंतांची पांढरी राहतात. बरेच जिवंत पण निश्चल असतील तर दोष शेपटीच्या रचनेत असू शकतो.

खरी गफलत मोजणीत होते. चिकट वीर्य साध्या पिपेटने नीट उचलले जात नाही, त्यासाठी दट्ट्याची पिपेट लागते. वीस पट पातळ केलेला नमुना न्यूबाउअर चेंबरच्या, म्हणजे मोजणीची जाळी कोरलेल्या काचेच्या, दोन्ही बाजूंना भरतात. एका बाजूच्या मधल्या जाळीत 210 आणि दुसरीत 190 आले तर बेरीज 400, आणि मिलीमागे 4 कोटी शुक्राणू. पण एकीकडे 235, दुसरीकडे 165 आले तर मिश्रण नीट ढवळलेले नाही. सरासरी काढून मोकळे होऊ नये, नव्याने भरावे. घाईच्या लॅबांत हीच पायरी गाळली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणी पुस्तिकेच्या 2021 च्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा: आकारमान 1.4 मिली, मिलीमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण 3 कोटी 90 लाख, पुढे जाणारे 30 टक्के, एकूण हालणारे 42 टक्के, जिवंत 54 टक्के, नीट घडणीचे 4 टक्के. ज्यांच्या पत्नीला वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवर ओढलेल्या या रेषा आहेत. त्यामुळे 1 कोटी 40 लाखांचा माणूस वांझच असतो असे नाही आणि 5 कोटींचा हमखास बाप होत नाही. ‘घडण फक्त 4 टक्के’ वाचून घाबरणारे पुष्कळ भेटतात. तो आकडा मर्यादेत बसतो.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मलेरियाचा किंवा टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर त्याची छाया पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रिपोर्टवर पडते, म्हणून वाईट निकालावर तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करतात. शुक्राणू अजिबात नसल्याचा शेरा मात्र एका थेंबावरून देऊ नये: नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात जोरात गरगर फिरवून तळाचा गाळ बघावा. तिथेही काही नाही, शिवाय आकारमान कमी, वीर्य आम्ल आणि त्यात फ्रुक्टोज ही साखर नाही, असे जुळले तर वीर्यनलिका जन्मतःच नसल्याची किंवा पुढचा मार्ग बंद असल्याची शंका घेतात.