गरिबांना बचत जनधन खात्याने शिकवली, हा गैरसमज

गरिबाच्या हातात पैसा टिकत नाही आणि त्याला बचतीची सवय जनधन खात्यानेच लावली, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. प्रधानमंत्री जनधन योजना 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झाली, पण पुण्यात भिशी, बचत गट आणि पतसंस्थांची पिग्मी त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे, आणि कचरावेचकांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने तर सभासदांसाठी स्वतःची पतसंस्थाही उभी केली. पिग्मीचा एजंट रोज हातगाडीपाशी येऊन 50 रुपये घेतो, नोंद करतो आणि निघतो. तेवढेच बँकेत भरायचे तर भर धंद्याच्या वेळी गाडी सोडून रांगेत उभे राहावे लागते.

जनधन खात्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही, कारण तिथे किमान शिल्लक लागत नाही आणि बाईचा पैसा तिच्याच नावावर राहतो. मात्र अनुदान जमा होताच काढून घेतले जात असेल, तर नुसत्या खात्यांच्या संख्येवरून बचतीची सवय लागल्याचा निष्कर्ष काढणे चूक आहे. खरा फरक सुरक्षिततेचा आहे: बँकेतील ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळते, भिशीला किंवा पतसंस्थेतील ठेवीला ते नाही.