छत्तीस अंश तीस मिनिटांची रेषा

अमेरिकेच्या राज्यघटनेने गुलामगिरी ठेवायची की नाही हा निर्णय ज्या-त्या राज्यावर सोडला होता. राज्याचा दर्जा न मिळालेल्या नव्या प्रदेशांचा कारभार मात्र काँग्रेसकडे, म्हणजे संघराज्याच्या संसदेकडे होता, आणि म्हणून देश पश्चिमेकडे पसरत गेला तसा टाळलेला प्रश्न तिच्यापुढे पुन्हा पुन्हा उभा राहिला.

१८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना विकत घेतलेल्या लुइझियाना प्रदेशातील मिसूरीला राज्याचा दर्जा देण्याचा वाद १८१९ मध्ये पेटला. त्या वर्षअखेरीस गुलामगिरी असलेली, म्हणजे दक्षिणेची, ११ आणि नसलेली, म्हणजे उत्तरेची, ११ राज्ये होती. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी लोकसंख्येवर आधारलेल्या प्रतिनिधिगृहात उत्तरेचे बहुमत होते. दुसऱ्या, म्हणजे सिनेटमध्ये, मात्र प्रत्येक राज्याला दोनच जागा असल्याने दक्षिणेची बरोबरी तिथेच टिकून होती. १८२० च्या तडजोडीने मिसूरी गुलामगिरीसह आणि ईशान्येचे मेन हे राज्य तिच्याविना संघात आले, तर लुइझियानाच्या उरलेल्या भागात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी झाली.

दक्षिणेची धडपड केवळ जागांसाठी नव्हती. कापसाने जमिनीचा कस जाई आणि मळेवाले पश्चिमेकडे सरकत. १८६१ मध्ये उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटेपर्यंत सुमारे दहा लाख गुलामांना जुन्या राज्यांतून कापसाच्या नव्या पट्ट्यात नेण्यात आले. असंख्य कुटुंबे कायमची तुटली. सभागृहातील बेरीज-वजाबाकी समजून घेताना ही माणसे नजरेआड होता कामा नयेत.

१८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू होताच, जिंकलेल्या भूमीत गुलामगिरी नसावी असा प्रस्ताव पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड विल्मॉट यांनी मांडला. तो प्रतिनिधिगृहात संमत झाला, पण सिनेटमध्ये अडला. मते पक्षांप्रमाणे न पडता उत्तर आणि दक्षिण अशी विभागली गेली, ही मला त्यातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. प्रस्तावाच्या अनेक समर्थकांना गुलामांची कणव नव्हती. नवी जमीन गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी राखावी, एवढेच त्यांना हवे होते.

१८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसूरीची रेषाच पुसली आणि निर्णय तिथल्या वसाहतवाल्यांवर सोपवला. कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक शस्त्रे घेऊन उतरले. तेव्हाच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक असलेला व्हिग पक्ष कोसळला, गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसला नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा अधिकारच नाही असे ठरवले, तेव्हा तडजोडीची वाट जवळजवळ बंद झाली.

१८६० मध्ये अध्यक्षपदी निवडून आलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या अब्राहम लिंकन यांनी असलेल्या राज्यांतील गुलामगिरी मोडण्याचे वचन दिले नव्हते, फक्त तिचा विस्तार थांबवण्याचे दिले होते. तरीही त्यांनी मार्च १८६१ मध्ये शपथ घेण्याआधीच सात राज्ये संघातून बाहेर पडली.