उडायला शिकले, संसाराचं काय?

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या नसीडा अभयारण्यात हूपिंग क्रेनच्या जोड्या घरटी बांधायच्या, अंडी घालायच्या आणि उबवणं अर्ध्यावर टाकून निघून जायच्या. हे एखाददुसऱ्या जोडीचं नव्हतं, काही मोसमांत तर सुरुवातीची जवळजवळ सगळीच घरटी अशी ओस पडली. ज्या पक्ष्यांना वाढवताना माणसांनी अंगभर पांढरे झगे चढवले आणि पिल्लांच्या कानावर मानवी आवाज पडू नये म्हणून मौन पाळलं, त्यांनीच आपली अंडी वाऱ्यावर सोडावीत हे कोडंच होतं. ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

हूपिंग क्रेन हा आपल्या सारसाचा भाऊबंद. उंची सुमारे पाच फूट, अंग पांढरंशुभ्र, पंखांची टोकं काळी. शिकार आणि पाणथळी बुजवून केलेली शेती यांमुळे 1941 साली हे पक्षी जेमतेम 21-22 उरले होते. त्यातला एक छोटा थवा लुइझियानात बारमाही राहायचा. 1940 च्या वादळात तो निम्म्याहून कमी झाला आणि दहा वर्षांत संपलाच. उरला फक्त टेक्सासच्या अरॅन्सस किनाऱ्यावर हिवाळा काढणारा थवा. तो उन्हाळ्यात जातो कुठे, हेही 1954 पर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात वणव्याच्या कामावरच्या हेलिकॉप्टरमधून हे पक्षी दिसले आणि चार हजार किलोमीटरच्या प्रवासाचं दुसरं टोक सापडलं. एका वादळानं अख्खा थवा संपायच्या वाटेला लागू शकतो, हे लुइझियानानं दाखवलं होतं. म्हणून दुसरा, स्वतंत्र थवा उभा करायचा, हा ध्यास तिथून सुरू झाला.

मादी बहुधा दोन अंडी घालते, पण पिल्लू मोठं होतं ते एकच. तेव्हा दुसरं अंडं उचललं तर मूळ थव्याचं फारसं बिघडत नाही, या हिशेबानं 1967 पासून वुड बफेलोतली अंडी मेरीलँडच्या पटक्सेंट संशोधन केंद्रात येऊ लागली. पुढे 1975 मध्ये आयडाहोतल्या ग्रेज लेक इथे एक युक्ती केली गेली: ही अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या जातीच्या घरट्यांत ठेवायची, पालकच पिल्लांना वाढवतील आणि स्थलांतराची वाटही दाखवतील. एकूण 289 अंडी ठेवली गेली. पिल्लं वाढली, वाटही शिकली. फक्त मोठी झाल्यावर त्यांना आपल्या जातीचा जोडीदार ओळखू येईना. ज्यांनी वाढवलं तेच त्यांना आपले वाटत. हूपिंग क्रेनची आपसात एकही जोडी जमली नाही आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी प्रयोग गुंडाळावा लागला.

मग ठरलं की माणसांनीच वाढवायचं, पण माणूस म्हणून दिसायचं नाही. झगा आला, हातात क्रेनच्या डोक्याची बाहुली आली. 1993 पासून फ्लोरिडात स्थलांतर न करणारा थवा तयार करायला पक्षी सोडले गेले. योगायोगानं त्यांचाही आकडा 289 च भरला! बॉबकॅट या रानमांजरांनी बरेच मारले, दुष्काळानं घरटी कोरडी पाडली. रानात जन्मलेलं पहिलं पिल्लू उडायला 2002 उजाडलं आणि त्यानंतरही अशी पिल्लं फारच थोडी झाली. पक्षी सोडणं पुढे थांबवलं.

नसीडाचा प्रयोग 2001 चा. वाट दाखवायला आईबाप नाहीत, तर पिल्लांपुढे चिमुकलं, उघडं विमान उडवायचं. विस्कॉन्सिन ते फ्लोरिडा, सुमारे 1,900 किलोमीटर. पिल्लं विमानामागे गेली आणि वसंतात आपली आपण परतली. बातम्यांत हेच गाजलं आणि गाजावं असंच होतं. तरी माझ्या मते सगळ्यांची नजर चुकीच्या जागी खिळली होती. उडणं ही या गोष्टीतली सोपी बाजू ठरली. (अर्थात वादळानं इथेही पाठ सोडली नाही: 2007 च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पिंजऱ्यात नुकत्याच पोचलेल्या 18 पैकी 17 पिल्लांचा एका रात्रीत बळी गेला.)

क्रेन वीण करू लागतो तो तीन ते पाच वर्षांचा झाल्यावर. त्यामुळे प्रयोग फसला की साधला, हे कळायलाच वर्षं जातात. 2006 मध्ये विस्कॉन्सिनच्या रानात शंभरहून अधिक वर्षांनी पिल्लू मोठं झालं, तेही पहिली घरटी ओस पडल्यावर घातलेल्या दुसऱ्या अंड्यांतून. हाच धागा पुढे कामाला आला. संशोधकांचा संशय रक्त पिणाऱ्या काळ्या चिलटांवर गेला. त्यांचे थवे नेमके उबवण्याच्या दिवसांत उठत आणि बसलेल्या पक्ष्यांना हैराण करत. 2011 आणि 2012 मध्ये नद्यांत बीटीआय हा अळ्या मारणारा जिवाणू सोडला, तेव्हा घरटी सोडण्याचं प्रमाण घटलं. पुढे तर चिलटांच्या दिवसांतली पहिली अंडी माणसंच काढून नेऊ लागली. ती केंद्रात उबवायची, आणि जोडीनं चिलटं ओसरल्यावर पुन्हा अंडी घालायची. शिवाय नवे पक्षी चिलटं कमी असलेल्या पूर्वेकडच्या पाणथळींत सोडले जाऊ लागले.

अंडी फुटू लागली, तरी पिल्लं टिकेनात. पिल्लू उडायला 80-90 दिवस लागतात आणि तोवर शिकारी प्राणी बहुतेकांना गाठतात. झग्यातल्या माणसानं वाढवलेल्या क्रेनला पिल्लू राखायचं शिकवणार कोण, असा प्रश्न मग उघड विचारला जाऊ लागला. 2016 मध्ये विमानांची मोहीम बंद झाली आणि पिंजऱ्यातल्या खऱ्या क्रेन जोड्यांकडून पिल्लं वाढवून घेण्यावर भर आला.

लुइझियानात 2011 मध्ये पुन्हा पक्षी सोडले, तिथे आणखी वेगळंच घडलं. राखीव पाणथळीत न थांबता काही जोड्यांनी शेतकऱ्यांच्या क्रॉफिशच्या (गोड्या पाण्यातल्या, झिंग्यासारख्या जिवाच्या) तळ्यांत संसार थाटला. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांतलं सारसाचं घरटं पाहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही. 2016 मध्ये तिथल्या रानात 1939 नंतर प्रथमच अंडं फुटलं. एखाद्या जोडीची अंडी वांझ निघाली, तर ती काढून त्या जागी केंद्रातली जिवंत अंडी ठेवतात. जोडी ती आपलीच समजून उबवते.

वुड बफेलोचा मूळ थवा आता 500 च्या पुढे गेला आहे. विस्कॉन्सिन आणि लुइझियानाच्या थव्यांत मात्र केंद्रातून पक्ष्यांची भर घालणं अजून थांबवता आलेलं नाही.