घाटकोपरला रिकामी होणारी जागा

सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून मुंबईकडे निघालेल्या जलद लोकलच्या महिला डब्यात उभ्या असलेल्या बायका बसलेल्यांना एकच प्रश्न विचारत पुढे सरकतात : "ताई, कुठे उतरणार?" समोरून "घाटकोपर" असे उत्तर आले की विचारणारीच्या चेहऱ्यावरचा ताण तिथल्या तिथे सैल होतो; वास्तविक गाडीने अजून ठाणेही गाठलेले नसते आणि पर्सचा पट्टा खांद्यात तसाच रुतत असतो. उत्तर "सीएसएमटी" आले तर त्या जागेचा नाद सोडून ती पुढच्या बाकाकडे वळते. मात्र हीच सीएसएमटीवाली काही कारणाने मध्येच ठाण्याला उठली आणि जागा मिळाली, तर होणारा आनंद घाटकोपरच्या वायद्यावर मिळालेल्या जागेपेक्षा कितीतरी मोठा असतो. बाक तोच आणि टेकायची रुंदीही तेवढीच असताना हा फरक का पडावा, याचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर गेल्या काही दशकांतील मेंदूविज्ञानाने दिले आहे.

स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथे वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या चेतापेशींच्या विद्युत हालचाली नोंदवल्या. माकडाला अनपेक्षितपणे फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोमाने उत्तेजित होत. रस मिळण्याआधी दरवेळी एखादी खूण दिसू लागली आणि माकडाला तिची सवय झाली, की पेशींचा प्रतिसाद रसाच्या क्षणावरून खुणेच्या क्षणावर सरकत असे आणि प्रत्यक्ष रस मिळताना त्या जवळजवळ स्वस्थ राहत. खूण दिसूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांची हालचाल नेहमीच्या पातळीखाली जाई. शुल्त्स, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी 1997 साली 'सायन्स' या नियतकालिकात याचा अर्थ मांडला तो असा की, या पेशी बक्षिसाचा आकार मोजत नाहीत, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील तफावत मोजतात. "घाटकोपर" हे उत्तर म्हणजे ती खूण. ठाण्याला अवचित मिळालेली जागा म्हणजे न मागता मिळालेला रस. आणि घाटकोपर येऊनही समोरची बाई गाढ झोपलेलीच असेल, तर तिसऱ्या प्रकारच्या नोंदीचा अनुभव कोणत्याही डोंबिवलीकराला वेगळा सांगावा लागणार नाही.

माकडाच्या पेशींवरून माणसाच्या मनाबद्दल बोलणे ही मोठी उडी आहे, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे लंडनमधील रॉब रटलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेले काम महत्त्वाचे ठरते. मोबाइलवरच्या एका खेळात लहान-मोठ्या जोखमीचे पर्याय निवडताना 18,000 हून अधिक लोकांनी "या क्षणी तुम्ही किती आनंदी आहात?" या प्रश्नाचे उत्तर अधूनमधून दिले. त्या क्षणीचा आनंद एकूण किती गुण जमले यापेक्षा नुकतेच अपेक्षेहून बरे घडले की वाईट, यावर अधिक अवलंबून असल्याचे दिसले. चांगल्याची नुसती अपेक्षाही आनंदात थोडी भर घालत होती, म्हणजे घाटकोपरचा वायदा अगदीच कोरडा नव्हे.

इथे एक प्रचलित समजूत बाजूला सारायला हवी. डोपामिन म्हणजे 'आनंदाचे रसायन', हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे वाक्य सोयीचे असले तरी चुकीचे आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ संपूर्ण नष्ट केले, तेव्हा ते उंदीर समोरचे अन्नही स्वतःहून खाईनासे झाले; परंतु जिभेवर साखरेचे पाणी सोडले असता पूर्वीप्रमाणेच ओठ चाटत राहिले. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूच्या दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. डोपामिन पहिलीशी निगडित आहे. दुसरीसाठी अफूसदृश अंतर्गत रसायने आणि मेंदूतील काही अगदी लहान जागा कारणीभूत ठरतात. उंदरामध्ये अशी एक जागा जेमतेम एक घन मिलिमीटरची भरते.

आवडण्याची ही व्यवस्था लवकर थकते, हा तिचा दुसरा विशेष. एखादा पदार्थ खाताना त्याच पदार्थाची गोडी घासागणिक कमी होत जाते, तर न खाल्लेल्या पदार्थांची फारशी कमी होत नाही, हे बार्बरा रोल्स आणि एडमंड रोल्स यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांनी दाखवले. त्या दृष्टीने मुंबईच्या टपरीवरची कटिंग पाहण्यासारखी आहे. काचेचा लहान पेला, तोही पुरता न भरलेला. आल्याचा तिखटपणा घशाला जाणवतो न जाणवतो तोच तळाशी साखरेचा शेवटचा घोट उरतो. कटिंगचा जन्म अर्थातच खिशाच्या हिशेबातून झाला, तिच्यामागे कोणाची प्रयोगशाळा नव्हती. परंतु कंटाळा येण्याआधी संपणे हा गुण तिला आयताच मिळाला. लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस यांनी 2008 साली दाखवले की, मालिशसारख्या सुखद अनुभवात मध्येच खंड पाडला तर लोकांना तो एकूणात अधिक आवडतो, जरी खंड नको असे आधी विचारल्यावर बहुतेक जण सांगतात.

मग मोठ्या सुखांचे काय? या विषयावर 1978 सालचा फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास हमखास उद्धृत होतो. लॉटरी जिंकलेले लोक इतरांपेक्षा विशेष सुखी नव्हते आणि रोजच्या साध्या गोष्टींतून त्यांना इतरांहून कमी आनंद मिळत होता, असे त्यात आढळले. पण त्या अभ्यासात विजेते होते अवघे 22. स्वीडनमधील लॉटरी विजेत्यांच्या पुष्कळ मोठ्या गटावर आधारित, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठी रक्कम जिंकलेल्यांचे आयुष्याविषयीचे समाधान दीर्घकाळ वाढलेले दिसले. पैशाने काही होत नाही, हे पैसेवाल्यांना सांगायला आवडणारे वाक्य विज्ञानाच्या नावावर खपवू नये, एवढा बोध यातून नक्की घेता येतो. मात्र समाधान आणि क्षणाक्षणाचा आनंद यांची मोजमापे वेगळी आहेत. दुसऱ्याच्या बाबतीत एड डीनर आणि सहकाऱ्यांनी 1991 साली मांडलेला मुद्दा आजही ग्राह्य धरला जातो : सुखाच्या भावना किती तीव्र होत्या यापेक्षा त्या किती वेळा आल्या, याला अधिक महत्त्व आहे.

हे 'किती वेळा' वाढवण्याचा एक मार्ग रेल्वेच्याच डब्यात तपासला गेला. शिकागोमध्ये निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी उपनगरी गाडीच्या प्रवाशांना तीन गटांत विभागले : एकाने अनोळखी माणसाशी बोलायचे, दुसऱ्याने गप्प बसायचे, तिसऱ्याने नेहमीप्रमाणे वागायचे. गप्प बसणेच सुखाचे ठरेल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सर्वाधिक सुखद प्रवास बोलणाऱ्यांचा झाला. समोरच्याला आपल्याशी बोलायचे नसेल, ही समजूत लोकांना अडवत होती. हा प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला आणि पुढे लंडनच्या गाड्यांतही तसेच निष्कर्ष मिळाले. मुंबईत तो करायचा तर डबा विचारपूर्वक निवडावा लागेल. साध्या लोकलमध्ये वर्षानुवर्षे एकाच गाडीने जाणारे गट डब्यात भजने म्हणतात आणि दसऱ्याला डबा सजवून पूजा करतात. तिथे गप्प बसणाऱ्यांचा गट जमवता जमवताच संशोधकाच्या नाकी नऊ येतील. एसी लोकल आणि मेट्रो ही त्यापेक्षा सोयीची ठिकाणे, कारण तिथे कानात इअरफोन घातलेले प्रवासी हवे तितके मिळतात.